गावात घरचा सर्व्हर: आधी लाइन, ऊन आणि जागा, मग सॉफ्टवेअर

घरचा सर्व्हर म्हणजे घराच्या एका कोपऱ्यात रात्रंदिवस चालू असणारा साधा कॉम्प्युटर. घरातल्या सगळ्यांचे फोटो, शेतीचे कागद, मुलांची पुस्तकं त्यावर राहतात आणि घरातला प्रत्येक मोबाइल ती तिथून उघडू शकतो. दर महिन्याचं भाडं नाही, जागा संपली म्हणून जुने फोटो उडवायची पाळी नाही, आणि बाहेरचं नेट बंद असलं तरी घरातल्या घरात सगळं चालतं. हे काम शहरातल्या इंजिनिअरांनीच करायचं असतं असा एक समज आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात राहून ते करतो आणि आपल्याकडच्या घरांना त्याची गरज शहरापेक्षा जास्त आहे असं माझं ठाम मत आहे.

या विषयावर वाचायला मिळणारी बहुतेक माहिती अशा जागी बसून लिहिलेली असते, जिथे वीज जात नाही, खोलीत एसी आहे आणि नेट दांडगं आहे. त्यामुळे पहिल्याच पानावर सॉफ्टवेअर येतं. आपल्याकडे सर्व्हर बंद पडतो तो लाइनमुळे, मे महिन्याच्या उन्हामुळे, नाहीतर मृगाच्या आगेमागे कडाडणाऱ्या विजांमुळे. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. सॉफ्टवेअर शेवटाकडे येईल. तुम्हीही घाई न करता याच क्रमाने चला, अशी कळकळीची विनंती आहे.

लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) आधी वापरलेलं नसलं तरी अडत नाही. एक मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) मात्र घरात असू द्या.

पहिली पायरी: एकच काम निवडा

सर्व्हरवर काय काय चालवता येतं याची यादी लांबलचक आहे आणि नव्या माणसाचा पहिला उन्हाळा त्या यादीतच जातो. त्यापेक्षा घरात विचारा की कोणती गोष्ट वेळेवर सापडत नाही. बहुतेक शेतकरी घरांत उत्तर येईल, कागद. सातबारा, आठ-अ, फेरफार, पीककर्जाची कागदं, पीकविम्याची पावती, मुलांचे दाखले, जात पडताळणी, आजोबांच्या काळातलं खरेदीखत. लोखंडी पेटीत पिशवी, पिशवीत पिशवी, आणि बँकेत निघताना नेमका हवा तो कागद गायब.

म्हणून माझा सल्ला असा, की सुरुवात कागदांपासून करा. फोटोंची हौस मोठी असते, पण फोटोंना जागा लागते, मशीनही ताकदीचं लागतं. कागद हलके असतात आणि त्यांचा उपयोग घरच्यांना लगेच पटतो. आमच्या घरामागे राहणाऱ्या काकू कधीतरी दारात येऊन म्हणतात, "बाबू, माह्या फेरफाराचा कागद सापडते का पाय बरं तुह्या त्या मशीनीत." तो दोन मिनिटांत सापडतो. एवढं जमलं की पुढच्या खर्चाला घरात कोणी आडवं येत नाही.

दुसरी पायरी: मशीन

जुना लॅपटॉप घ्या. कंपन्यांमधून निघालेले बिझनेस मॉडेल, म्हणजे थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचे, नागपूर-अमरावतीच्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानांत मिळतात. इंटेलची सहावी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) एवढं पाहा. स्क्रीनवर रेघ असली, कीबोर्डची दोन बटणं मेलेली असली तरी चालतं, उलट त्याने भाव उतरतो. बॅटरी मात्र नीट तपासा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुलत असेल, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. असा लॅपटॉप घेऊ नका, किंवा दुकानातच बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी आपल्याकडच्या उन्हात आगीचं कारण होऊ शकते.

लॅपटॉपच का? कारण त्यात बॅटरी आहे. लाइन गेली तरी तो विझत नाही. दुसरं म्हणजे खर्च. स्क्रीन बंद ठेवलेला असा लॅपटॉप निवांत असताना साधारण १० वॅट ओढतो. २४ तासांचे ०.२४ युनिट, म्हणजे महिन्याला ७ युनिटच्या आसपास. जुना डेस्कटॉप ५० वॅटने चालला तर तोच आकडा ३६ युनिटवर जातो.

रास्पबेरी पाय या एकाच छोट्या बोर्डावरच्या कॉम्प्युटरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बोर्ड चांगला आहे, वीजही कमी खातो. पण त्याला स्वतःची बॅटरी नाही, आणि मेमरी कार्डावर चालवला तर अचानक लाइन जाण्याने कार्ड खराब होतं. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला पूर्ण ताकदीसाठी ५ अँपिअरचा चांगला अडॅप्टर लागतो, मोबाइलचा कोणताही चार्जर लावून भागत नाही. हातात आधीच असेल तर त्याला एसएसडी जोडून वापरा. नव्याने घ्यायचा असेल तर लॅपटॉपच बरा.

तिसरी पायरी: लाइन

इथे वेळ द्या. बाकी सगळं चुकलं तर पुन्हा करता येतं, पण विजेत ढिलाई राहिली तर मशीन जळतं.

सर्व्हर घरी ठेवा, वावरातल्या कोठ्यात ठेवू नका. कोठ्याला शेतीच्या फीडरवरची लाइन असते, ती ठराविक तास येते आणि कधी दिवसाची, कधी रात्रीची पाळी असते. गावठाणाच्या फीडरवर निदान बहुतेक वेळ लाइन असते.

मग अर्थिंग. बऱ्याच घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, सवय नसेल तर वायरमनला शेजारी उभं करून, फेज आणि न्यूट्रल यांच्यात किती येतं ते पाहा. साधारण २३० येईल. मग फेज आणि अर्थ यांच्यात पाहा. तिथेही जवळपास तेवढंच यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्टपेक्षा फार जास्त येत असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रल कमजोर आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल खोल जाते आणि तिच्यातला अर्थिंगचा खड्डा वीज नीट जिरवत नाही. म्हणून उन्हाळाभर त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकायचं. हे जुने वायरमन सांगायचे, आजही तितकंच खरं आहे.

सगळ्यात वाईट प्रकार न्यूट्रल तुटण्याचा. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सुटला की काही घरांत २३० च्या जागी ३०० ते ४०० व्होल्ट घुसतात, आणि एका झटक्यात टीव्ही, फ्रिज, चार्जर जातात. बाजारात मिळणारा स्पाइक गार्ड इथे उपयोगाचा नाही. तो क्षणभराचा झटका झेलण्यासाठी असतो, मिनिटभर टिकणारं जादा व्होल्टेज त्याला पेलत नाही. त्यासाठी घराच्या मुख्य बोर्डात जादा आणि कमी व्होल्टेजला आपोआप लाइन तोडणारं उपकरण बसवून घ्या. ते एमसीबीशेजारी पट्टीवर बसतं आणि लाइन ठीक झाली की स्वतःच जोडतं. सर्व्हर घेण्याच्याही आधी यावर पैसे घाला, कारण त्याने अख्खं घर वाचतं.

कमी व्होल्टेजची चिंता करू नका. रब्बीत मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे मंद होतात, पण लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. त्याच्यावर हे छापलेलं असतं, वाचून घ्या.

घरी इन्व्हर्टर असेल तर सर्व्हर आणि राउटर त्याच्या लाइनवर घ्या. १२ व्होल्ट १५० एएच बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरायचे असं धरलं तरी एकटा सर्व्हर आणि राउटर त्यावर दिवसभर चालेल. अर्थात पंखे आणि दिवे सोबत असतील तर काही तासच. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर उभा राहील, राउटर या यूपीएसवर, आणि लाइन गेल्यावर घरातलं वायफाय तुटणार नाही.

वादळात दोन-दोन दिवस लाइन येत नाही. त्यासाठी दोन गोष्टी आधीच करून ठेवा. एक, बॅटरी १५ टक्क्यांवर आली की मशीन स्वतःहून नीट बंद होईल अशी छोटी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल), दर पाच मिनिटांनी तपासणारी. दोन, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन लाइन येताच चालू होण्याचा पर्याय. थिंकपॅडमध्ये त्याला 'पॉवर ऑन विथ एसी अटॅच' म्हणतात, डेलमध्ये 'वेक ऑन एसी'. हे केलं की तुम्ही लग्नाला परगावी गेलेले असलात तरी सर्व्हर आपला आपण बंद होतो आणि आपला आपण उठतो.

विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचा. यावर दुसरा उपाय नाही. जवळ पडलेल्या विजेपुढे कोणताही गार्ड टिकेल असं समजू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोफत ॲप आहे, ते आपल्या आसपास वीज पडण्याची सूचना देतं. वावरात काम करणाऱ्यांकडे ते असायलाच हवं, सर्व्हर असो वा नसो. प्लगसोबत तांब्याच्या सगळ्या तारा काढा, लॅन केबलसुद्धा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर भिंतीतच असतो. आणि घरापासून गोठ्यापर्यंत उघड्यावरून लॅन केबल कधी ओढू नका. तिथे वायफाय न्या, नाहीतर फायबर.

चौथी पायरी: जागा

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा, आपल्या सगळ्याच भागात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपा म्हणजे २५ मेच्या सुमारास सुरू होणारे ते नऊ दिवस, आणि सर्व्हरची खरी परीक्षा तेव्हाच असते. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि फारच तापला तर बंद पडतो, त्याची फारशी काळजी नाही. काळजी बॅटरीची आणि हार्ड डिस्कची. साध्या हार्ड डिस्कची मर्यादा साधारण ६० अंशांची असते. बंद कपाटात, टिनाखाली, दुपारी दोनला ती गाठायला वेळ लागत नाही.

म्हणून टिनाच्या खोलीत ठेवू नका. माडीवरही नको. मातीच्या भिंतीची, कवेलूची जुनी खोली असेल तर ती सोन्यासारखी जागा आहे, भर दुपारीही ती सिमेंटच्या खोलीपेक्षा थंड असते. घर सिमेंटचं असेल तर उत्तरेकडची भिंत, जमिनीपासून हात-दीड हात वर, आणि लॅपटॉप खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून उचललेला, म्हणजे खालून हवा खेळेल. कूलरच्या खोलीत ठेवायला हरकत नाही, पण कूलरच्या समोर नको. ओली हवा आणि बोअरच्या पाण्यातला क्षार सर्किटवर बसतो.

धूळ तर आहेच, पण आपल्या घरांत कापूस असतो. वेचणीच्या दिवसांत घरात गंजी लागली की त्याचे तंतू पंख्यात अडकतात आणि पंखा कोंडतो. दिवाळीनंतर आणि पुन्हा मार्चमध्ये लॅपटॉपचा खालचा भाग उघडून मऊ ब्रशने पंखा साफ करा. उंदरांसाठी वायरी लोखंडी किंवा जाड पीव्हीसी पाइपातून घ्या.

लॅपटॉप सतत चार्जिंगला राहणार, त्यामुळे बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय लावा. डेलमध्ये ती बायोसमध्येच आहे, थिंकपॅडमध्ये लिनक्सवर टीएलपी नावाचा प्रोग्रॅम ते करतो. उन्हात पूर्ण भरलेली बॅटरी सर्वांत लवकर फुगते.

पाचवी पायरी: डेबियन

लिनक्सच्या अनेक जाती आहेत. सर्व्हरसाठी मी डेबियन सुचवतो, कारण ते एकदा बसलं की वर्षानुवर्षं त्रास देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची १३ वी आवृत्ती आली, नाव ट्रिक्सी. ३२-बिटच्या फार जुन्या मशीनसाठी तिचा इन्स्टॉलर नाही, पण वर सांगितलेले लॅपटॉप ६४-बिटच आहेत.

'नेटइन्स्ट' नावाची फाइल सातशे-आठशे एमबीची असते, ती उतरवून पेनड्राइव्हवर चढवा. बाकीचा मजकूर इन्स्टॉल होताना नेटवरून येतो, म्हणून ते काम नेट बरं असताना, शक्यतो पहाटे करा. एक पडदा येतो, त्यात काय काय बसवायचं ते विचारतात. तिथे डेस्कटॉप आणि ग्नोमची खूण काढा, फक्त 'एसएसएच सर्व्हर' (दुसऱ्या मशीनवरून आत जाण्याची सोय) आणि 'स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज' ठेवा. खिडक्या-चित्रं नसलेलं मशीन हलकं राहतं, थंडही राहतं.

बसल्यावर लगेच करायच्या गोष्टी अशा. राउटरमध्ये जाऊन या मशीनला कायमचा एकच आयपी पत्ता द्या, नाहीतर लाइन जाऊन आली की पत्ता बदलेल आणि घरातले मोबाइल त्याला शोधत बसतील. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, ते बंद करा. त्यासाठी 'लॉगइनडी'च्या कॉन्फिग फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच' या ओळीसमोर 'इग्नोर' लिहायचं आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. सुरक्षेचे सुधार आपोआप उतरण्यासाठी 'अनअटेंडेड अपग्रेड्स' बसवा. त्यानंतर मशीनला कीबोर्ड-स्क्रीन लागतच नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरच्या टर्मिनल ॲपमधून एसएसएचने आत जायचं. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिणं सुरुवातीला अवघड वाटतं. प्रत्येक आज्ञा वहीत लिहून ठेवा, समोर ती काय करते ते मराठीत लिहा. महिनाभरात हात बसतो.

सहावी पायरी: कागद

आता सॉफ्टवेअर. डॉकर बसवा. प्रत्येक सेवा आपापल्या डब्यात चालते, एकीने दुसरीला धक्का लागत नाही आणि नको झाली तर डबा उचलून टाकता येतो.

कागदांसाठी 'पेपरलेस-एनजीएक्स' हा मोफत प्रोग्रॅम आहे. स्कॅन केलेला कागद किंवा मोबाइलने काढलेला फोटो त्याला दिला की तो त्यातली अक्षरं वाचतो आणि नंतर शोधू देतो. तो आतून 'टेसरॅक्ट' नावाचं अक्षर ओळखणारं इंजिन वापरतो आणि त्याला मराठी येते. मात्र मराठी आपोआप मिळत नाही. सेटिंगमध्ये दोन ठिकाणी भाषा सांगावी लागते, एकदा कोणती भाषा जादा बसवायची ते, आणि एकदा वाचताना कोणत्या भाषा धरायच्या ते. दुसऱ्या ठिकाणी मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या, कारण आपल्या कागदांवर दोन्ही असतात.

छापील सातबारा तो बऱ्यापैकी वाचतो. हस्तलिखित जुना फेरफार किंवा मोडीतलं खरेदीखत वाचणार नाही, म्हणून अशा कागदांना हाताने नाव द्या. नाव देण्याची पद्धत पहिल्याच दिवशी ठरवा: गट नंबर, मग कागदाचा प्रकार, मग वर्ष. गट नंबराने शोधलं की त्या वावराचा सगळा इतिहास एका रांगेत येतो. वाटणीच्या, बांधाच्या, धुऱ्याच्या वादात हे किती उपयोगी पडतं ते सांगायला नको. मूळ कागद मात्र पेटीतच ठेवा. कचेरीत मूळ प्रतच लागते.

फोटोंसाठी पुढे 'इमिच' बसवा. ते मोबाइलमधले फोटो आपोआप सर्व्हरवर घेतं, चेहरे ओळखतं. ८ जीबी रॅमवर चालतं, पण कागदांसोबत चालवायचं तर चेहरे ओळखण्याचं काम सुरुवातीला बंद ठेवा.

घरात शाळकरी मुलं असतील तर 'किविक्स' नक्की पाहा. त्यात अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येतो आणि नंतर नेट लागत नाही. चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या आसपास जातो, मराठी त्याच्या अगदी लहानशा भागात मावतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, तीही एका फोल्डरमध्ये ठेवा. नेट नसलेल्या संध्याकाळी गल्लीतली मुलं वायफायला जोडून अभ्यास करू शकतात. माझ्या मते गावातल्या सर्व्हरचा हा सर्वांत चांगला उपयोग आहे.

सातवी पायरी: बाहेरून पोचणं

तहसिलीत उभे आहात आणि कागद घरच्या सर्व्हरवर आहे. तो कसा उघडायचा?

जुने लेख सांगतात की राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडा. आपल्याकडे ते बहुतेक वेळा चालतच नाही. मोबाइल सिमचा राउटर असो की बऱ्याच केबलवाल्यांचं फायबर, कंपनी एकच बाहेरचा आयपीव्ही४ पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटते. याला सीजीनॅट म्हणतात. तपासायचं असेल तर राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आणि चालत असतं तरी मी पोर्ट उघडायला सांगितलं नसतं. ज्या मशीनवर आई-बाबांच्या आधारची प्रत आहे, ते जगासमोर उघडं ठेवायचं नाही.

'टेलस्केल' वापरा. सर्व्हरवर आणि घरच्यांच्या मोबाइलवर ते बसवायचं, एकाच खात्याने आत जायचं, आणि ही सगळी उपकरणं जगात कुठेही असली तरी एकमेकांना दिसतात. आतून ते वायरगार्ड नावाचं तंत्र वापरतं, जे २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. घरगुती वापराला मोफत योजना आहे. एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळवते: टेलस्केल जे पत्ते देतं तेही १०० नेच सुरू होतात. ते सीजीनॅटचे नव्हेत, तुमच्या खाजगी जाळ्याचे आहेत. त्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा लावा, कारण आता घराची किल्ली तीच आहे.

आठवी पायरी: दुसरी प्रत

ही पायरी होईपर्यंत मोबाइलमधला एकही फोटो पुसू नका.

नियम जुना आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. पहिली प्रत सर्व्हरवर. दुसरीसाठी यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आणि ती कायम जोडून ठेवू नका. लावून ठेवलेली डिस्क विजेच्या झटक्यात लॅपटॉपसोबतच जाते. बाजाराच्या दिवशी जोडायची, प्रत काढायची, सोडवून कपाटात ठेवायची. वार बाजाराचा ठेवला की विसरत नाही.

प्रत काढायला 'रेस्टिक' वापरा. ते फक्त बदललेलं तेवढंच घेतं, सगळं कुलूपबंद करतं आणि जुन्या तारखेची स्थितीही परत देतं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून खरेदीखताच्या पिशवीत ठेवा. तो हरवला तर डिस्क असून नसल्यासारखी. पेपरलेसमध्ये सगळे कागद नावांसह बाहेर काढण्याची आज्ञा आहे, ती प्रत काढण्याआधी चालवा. इमिच रोज रात्री दोन वाजता स्वतःच्या डेटाबेसची प्रत काढतं, ती कोणत्या फोल्डरमध्ये पडते ते पाहून तो फोल्डरही रेस्टिकला द्या.

तिसरी प्रत दुसऱ्या गावी. बहिणीच्या घरी, मामांच्या घरी, कुठेही. पोळ्याला नाहीतर दिवाळीला जाताना नवी डिस्क न्यायची आणि जुनी परत आणायची. कुलूपबंद असल्याने आतलं कोणाला दिसत नाही. गावात नेट बरं नसेल तर यापेक्षा स्वस्त आणि पक्का मार्ग नाही.

आणि मग तपासा. एखादा कागद मुद्दाम दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या डिस्कमधून परत काढून उघडून पाहा. जी प्रत उघडून पाहिली नाही, ती आहे असं धरू नका.

हौसेचं काम: तापमान मोजणारा डबा

इथवर आलात की हात शिवशिवायला लागतात. पहिला इलेक्ट्रॉनिक प्रयोग म्हणून सर्व्हरच्या कोपऱ्यातलं तापमान मोजा. ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा बोर्ड, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आणि ४.७ किलोओमचा एक रेझिस्टर एवढंच लागतं. रेझिस्टर सेन्सरच्या डेटा तारेत आणि ३.३ व्होल्टच्या तारेत जोडायचा. सर्व्हरवर 'होम असिस्टंट' (सेन्सरचे आकडे एका जागी दाखवणारा प्रोग्रॅम) आणि 'ईएसपीहोम' (अशा बोर्डावर सेटिंग चढवणारा प्रोग्रॅम) बसवलं की प्रोग्रॅम न लिहिता, फक्त चार ओळींची सेटिंग देऊन आकडा मोबाइलवर दिसतो. ४२ अंशांच्या वर गेलं की सूचना, अशी सोय लावा. नवतप्यात कोणत्या वेळी कोणती खोली किती तापते हे कळलं की जागेचा प्रश्न अंदाजाने सोडवावा लागत नाही.

नंतर वावरातली ओल मोजायची इच्छा होईल. कपॅसिटिव्ह प्रकारचा सेन्सर घ्या, उघड्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर मातीत गंजतो. आपल्या काळ्या मातीत एक अडचण कायम येते. माती सुकली की आकसते, सेन्सरभोवती भेग पडते आणि तो हवा मोजायला लागतो. म्हणून तो उभा न खुपसता खड्डा करून आडवा पुरा, माती दाबा, आणि तुमच्याच वावरातल्या कोरड्या आणि पूर्ण भिजलेल्या मातीत आधी आकडे घेऊन ठेवा. घर लांब असेल तर वायफाय पोचत नाही, तिथे लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर पोचणारं रेडिओ तंत्र, लागतं. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, मॉड्यूल घेताना तोच पाहून घ्या.

विहिरीवरच्या मोटारीला मात्र हात लावू नका. ती तीन फेजची, ४१५ व्होल्टची लाइन आहे आणि छोट्या रिलेने चालवायची वस्तू नाही. मोबाइलवरून मोटार चालवायची असेल तर तयार मोबाइल स्टार्टर घ्या आणि तो वायरमनकडूनच बसवून घ्या.

घरच्यांसाठी एक कागद

सर्व्हर तुमचा असला तरी वीज कडाडेल तेव्हा घरी कदाचित आई असेल. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: विजा चमकू लागल्या की आधी लॅपटॉपची पिन काढायची, मग राउटरची, मग लॅनची निळी केबल. पाऊस थांबल्यावर त्याच जागी लावायचं, बाकी काही दाबायचं नाही. लॅपटॉप हाताला चटका देण्याइतका गरम लागला किंवा फुगलेला दिसला तर पिन काढून बाहेर ओट्यावर ठेवायचा, गवत-कापसापासून लांब. खाली तुमचा आणि वायरमनचा नंबर. प्रत्येक प्लगवर रंगीत टेपने १, २, ३ असे आकडे चिकटवा आणि कागदातही तेच आकडे लिहा. मग आईला, आजीला एकदा प्रत्यक्ष करून दाखवा, आणि लगेच त्यांच्याकडून करून घ्या. हे मेच्या शेवटापर्यंत, पहिला गडगडाट व्हायच्या आत उरकून घ्या.